मिरचीच्या पथारीशेजारचा तंबू

नंदुरबार, पौष वद्य पंचमी, शके १८६०

आज बोलपट पाहून आलो. जावं की नाही, यावर दिवसभर जीव खालीवर. आमची यसू दसऱ्याला गेली, एवढ्यात तंबूत बसलो तर लोक नावं ठेवतील. पण पोर गेल्यापासून बायकोच्या डोळ्यांतून टिपूस नाही, तोंडात तिचं नावही नाही. मला त्याचीच धास्ती. दुपारी वाण्याकडून गूळ आणताना शेजारच्या रहिमतबींनी अडवलं. "वहिनीले मी लई जास, भाऊ. तुम्हीबी चाला." लोकांचं म्हणालो, तर हसल्या. "तंबूमा अंधार ऱ्हास. कोनले काय दिखस?"

गेलो. घराची कडी लावली होती का? तंबू मिरची वाळवायच्या पथारीला लागूनच. पडद्यावरची आई रडू लागली आणि वारा फिरला. मिरचीची धूळ आत आली. सगळा तंबू शिंकतोय, डोळे पुसतोय. कोणी ओरडलं, "तू नको रडू माय, आमीच रडी ऱ्हायनूत!" केवढा हशा! मला मात्र पुन्हा कडीच आठवली. मग पाहिलं तर ही तोंडाला पदर लावून रडत होती. वारा पडला, लोकांचे डोळे कोरडे झाले, हिचे वाहतच राहिले. रहिमतबी तिचा हात धरून बसल्या.

कडी लावलेलीच होती. आत येताच तंबूतला हशा आठवून ही म्हणाली, "यसू ऱ्हाती ते कितली हासती."

कोणाचे उपकार मानू, रहिमतबींचे की वाऱ्याचे? अजून बोलतेय, यसूबद्दलच. लिहिणं पुरे. ऐकायला जातो.