उगारलेला हात

१ नोव्हेंबर १९३१, रविवार. धरणगाव.

आज झि.ने तिसऱ्यांदा साक्ष दिली. मिशनच्या दवाखान्याच्या ओसरीवर उपासना, माणसं तीसेक. तोंडाने मी नवऱ्याचं नाव घेत नाही, पण कागदावर मला कोण अडवतंय? झिपरू. कापसाच्या जिनात सरकी-रुईच्या धुळीत काम करणारा, आषाढापासून दारूला न शिवलेला, आता मिशनचा लाडका झिपरू.

साक्ष पाठ झाली आहे. दारू पीत होतो, पत्ते खेळत होतो, "आणि माझ्या निरपराध पत्नीवर मी हात उगारला." इथे आवाज बसतो, बायका पदर डोळ्याला लावतात, मग सगळे वळून माझ्याकडे बघतात. मी आढ्याकडे बघते.

उगारला. म्हणजे वर नेला. खाली आला की नाही, ते कोणी विचारत नाही.

नंतर पाळक म्हणाले, जुना झिपरू मेला, हा नवा मनुष्य. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, मेला तर मला निरोप कसा नाही? आणि हा नवा कोण, याच्याशी माझं लग्न कधी लागलं? घरी येऊन भाकरी थापल्या. दोघांनी खाल्ल्या. नव्यालाही ठेचा तिखटच लागतो.

३ नोव्हेंबर.

चांगला वागतो, हीच पंचाईत आहे. आडावरून पाणी आणतो. जिनातले लोक हसतात, तरी आणतो. वाईट वागला असता तर मला काय बोलायचं ते ठाऊक होतं.

रात्री जेवताना म्हणाला, "तू मला अंतःकरणापासून क्षमा केली आहेस काय?" असंच, अक्षरन् अक्षर. सोळा वर्षांत घरात हा माणूस कधी 'अंतःकरण' म्हणाला नव्हता. मी म्हटलं भाकर करपतेय. करपत नव्हती.

८ नोव्हेंबर, रविवार.

पाळकांनी सांगितलं, २० डिसेंबरला गिरणा नदीत बाप्तिस्मा, आम्हां दोघांचा. मी तिथेच रडले. लोकांना वाटलं झि.साठी रडते.

बारा वर्षांची होते, धुळ्याला बोर्डिंगात. चौथी पास. नाताळात पाण्यात उतरायचं ठरलं होतं, पांढरं लुगडं शिवून, म्हणजे काठ दुमडून, तयार होतं. आदल्या आठवड्यात काका आले, म्हणाले आई आजारी आहे. आई ठणठणीत होती. मांडव घातलेला होता.

तेव्हापासून ते पाणी राहिलंय माझं. दवाखान्यात मिशनच्या गोऱ्या मिसबाईंच्या हाताखाली पट्ट्या उकळते तेव्हा, इथे चूल फुंकते तेव्हा, कधी विसरले नाही. झि. आता आला. मी सोळा वर्षं काठावर उभी आहे. कोणाची पत्नी म्हणून नव्हे, मला माझ्यासाठी उतरायचंय.

११ नोव्हेंबर. दिवाळी.

शेजारच्या सोनाक्काने करंज्या आणल्या. जे काही झालं ते भिंतीपलीकडून तिने सगळं ऐकलेलं. दोनदा दार ढकलून मला तिच्या घरी ओढून नेलेलं. दारातच बसली.

"तू किरिस्ताव व्हशी?"

"व्हसू."

"आनि तो?"

"तोबी."

"मंग पानीम्हा पहिले त्याना हात बुडाडा. डोकं मंग."

हसू आवरेना. पाळकांच्या बाप्तिस्म्याच्या वर्गात एवढं नेमकं कोणी बोलत नाही. करंज्या छान होत्या.

१५ नोव्हेंबर, रविवार.

वर्गाआधी पाळकांनी दोघांना बोलावलं. पाळक नगरकडचे, माणूस मनाचा वाईट नाही, फक्त सगळं लवकर उरकायची घाई. मला विचारलं, "बाई, नवऱ्याला क्षमा केलीत ना?"

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. पाणी समोर होतं. मी म्हटलं, "अजून नाही."

झि. जमिनीकडे बघत राहिला. पाळक म्हणाले, मनात अढी ठेवून पाण्यात उतरता येणार नाही. याने पाप सोडलं, तुम्ही राग सोडा. मी म्हटलं, "त्यांनी सोडलं ते खरं. पण ते पडलं कुठं, ते बघा की."

पाळकांना ते आवडलं नाही. महिन्याची मुदत दिली. जणू क्षमा म्हणजे रुई आहे, दाबून गठ्ठा बांधला की झालं.

त्यांना सांगितलं नाही, इथे लिहिते. उगारलेला हात गेल्या शिमग्याला डाव्या कानावर पडला. दोन दिवस पू आला, मग तिथे काही ऐकू येईना. मिसबाईंना माहीत आहे. झि.ला माहीत नाही. त्याला वाटतं मी रागाने उत्तर देत नाही. कधी रागाने देत नाही, कधी खरंच ऐकू येत नाही. त्याला फरक कळू नये असं वाटायचं. का, ते...

२२ नोव्हेंबर, रविवार.

वर्ग. प्रश्नोत्तरं. मला सगळं येतं, धुळ्याला घोकलेलं. जुनं काढून टाकायचं, नवं अंगावर घालायचं. झि.ला दोनदा सांगावं लागतं. मी हळूच सांगते, याचाही मला राग येतो.

पण खरं लिहायचं तर पूर्ण लिहावं. माझा राग लोणच्यासारखा जपलाय मी. रोज झाकण काढून बघते, मुरला का. आणि त्याहून वाईट: तो पाणी भरून आणतो, शांत बसतो, तेव्हा मी मुद्दाम टोचून बोलते. मनात येतं, याने एकदा मारावं. एकदाच. म्हणजे सगळ्यांना दिसेल कोण नवं नि कोण जुनं, आणि मी खरी ठरेन.

हे पाप आहे. हे माझं, दुसऱ्या कोणाचं नव्हे. आज ओळखलं, आज सोडते. गुडघे टेकून सोडलं.

बाकीचं सोडलं नाही. बाकीचं पाप आहे की नाही, ते देवाने मला सांगावं. पाळकांच्या मार्फत नको.

३० नोव्हेंबर. धुळ्याहून परत.

काल धुळ्याला मिशनचा मेळा होता. पाच-सहा गावांची माणसं, मांडव मोठा. झि.ला साक्षीला उभं केलं. मी पुढच्या रांगेत, तशी सूचनाच होती. दारू, पत्ते, मग: "माझ्या निरपराध पत्नीवर मी हात उगारला."

माझे पाय आपोआप उभे राहिले. मी म्हटलं, "उगारला नाही. मारला. शब्द नीट करा."

एवढंच. मोठ्याने नाही बोलले, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पाळकांनी लगेच गीत सुरू केलं. पेटीवाल्याला सूर सापडेना. मी खाली बसले, आणि इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. नंतर एक म्हातारी येऊन शेजारी बसली. माझ्या हातावर हात ठेवून बसली.

येताना मोटारीत झि. माझ्या डावीकडे. बराच वेळाने त्याने माझा दंड हलवला. "इतला येळ बोली ऱ्हायनू, तू उत्तर देत नही."

"त्या कानाने ऐकू येत नाही."

"कव्हयपासून?"

"शिमग्यापासून."

पारोळ्याच्या थांब्यावर उतरला, सगळे चहा प्यायले, हा मोटारीच्या मागे उभा. परत आला तो उजवीकडे बसला.

६ डिसेंबर, रविवार.

पाळकांनी बोलावलं. भर मेळ्यात साक्ष मोडली म्हणून माझा बाप्तिस्मा तूर्त थांबवला. झि.चा होईल. झि. म्हणाला, हिच्याशिवाय मी उतरणार नाही. मी म्हटलं, "माझ्या नावावर अडून बसू नका. उद्या तेही मलाच लावतील."

मग पाळकांनी विचारलं, बाई, तुम्हाला हवं तरी काय? इतके दिवस मलाही नीट ठाऊक नव्हतं. विचारलं तसं तोंडातून निघालं. म्हटलं, साक्ष आमच्या आळीत द्यावी. जिथे लोकांनी ऐकलं तिथे. आणि आमच्या बोलीत. शिव्या दिल्या तेव्हा पुस्तकी मराठी नव्हती, अहिराणी होती. मारताना 'निरपराध पत्नी' म्हटलं नव्हतं. ज्या तोंडाने केलं त्याच तोंडाने सांगावं.

पाळक म्हणाले, "क्षमेला भाषा लागत नाही."

"मग पुढचा उपदेश इंग्रजीत करा," मी म्हटलं.

मिसबाई आतल्या खोलीत होत्या. हसल्याचा आवाज आला, मग खोकल्या.

९ डिसेंबर.

झि. जेवताना थांबला. "मी तुले..." म्हणाला. घास हातात. पुन्हा म्हणाला, "मी तुले..." मग उठला, चूळ भरली, जिनात निघून गेला. पाळी नव्हती त्याची.

पुस्तकी मराठीत नदीसारखं वाहतं त्याचं. आपल्या बोलीत एक वाक्य निघेना. मला वाटलं होतं बघून समाधान होईल. झालं नाही. वाईट वाटलं. वाईट वाटलं याचाही राग आला.

१३ डिसेंबर, रविवार.

पाळकांनी नेहमीसारखं झि.ला साक्षीला बोलावलं. तो जागेवरूनच म्हणाला, "आज नही. मन्हं काम आळीम्हा बाकी शे." पाळकांना अर्धंच समजलं, म्हणाले, देव तुझ्या कामाला आशीर्वाद देवो. मी पदरात हसले. झि.ने पाहिलं. तो हसला नाही.

१७ डिसेंबर.

सकाळी आडावर गर्दी, सात-आठ बायका, सोनाक्का रहाटावर. झि. आला. हातात घागर नव्हती. बायका बाजूला झाल्या.

म्हणाला, "आयका. मी इले मारं. दारू पिधी व्हती म्हनीसन नही, नही पिधी व्हती तवयबी मारं. तुम्हना बठ्ठास्ना कानवर शे. इन्हा डावा कान गया, तो मन्हा हाते गया." मग माझ्याकडे वळला. उजवीकडे आला आधी. "तुले मी मारं."

थांबला. मला वाटलं आता म्हणेल, क्षमा कर. म्हणाला नाही. काहीच मागितलं नाही. कपाळावर एवढ्या थंडीत घाम.

शेवटी सोनाक्का म्हणाली, "व्हयनं का? आते पानी भरू दे." रहाट फिरायला लागला.

मी म्हटलं, "ऐकलं."

घागर घेऊन घरी आले, मग दवाखान्यात गेले, कापसाच्या खोलीत दार लावून खूप रडले. सुखाने म्हणावं तर तसं नाही. सोळा वर्षं मीच एकटी जे म्हणत होते ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून आलं. अंग हलकं झालं, आणि हलकं झाल्यावर कळलं की रिकाम्या जागेत काय ठेवायचं ते मला ठाऊक नाही. राग गेला असं लिहू? गेला नाही. पूर्वीसारखा रोज बोलावत नाही, इतकंच.

१९ डिसेंबर, शनिवार.

पाळकांचा चिठ्ठीने निरोप: आळीतली हकीकत कळली, आनंद झाला. उद्या दोघांनीही गिरणेवर यावं. पाण्यात उतरण्याआधी काठावर सगळ्यांसमक्ष विचारीन, क्षमा केली काय. बाईंनी 'होय' म्हणावं. नाही म्हटलं तर झिपरू एकटा उतरेल.

झि.ला वाचून दाखवलं. तो जात्यापाशी बसला. म्हणाला, "तू नही म्हन, तरी मन्ही काही हरकत नही. पन तू पानीम्हा उतर. ते तुन्हं पहिलेपासूननं शे."

हे त्याला कधी सांगितलं होतं मी? लग्न झालं त्या वर्षी सांगितलं असेल. तेव्हा ऐकलं होतं म्हणजे याने.

लुगडं धुऊन वाळत घातलंय. पाळक विचारतील तेव्हा 'होय' म्हणणार नाही, खोटं बोलून त्या पाण्यात पाय घालायचा नाही मला. 'नाही' पण म्हणणार नाही, कारण तेही आता पूर्ण खरं नाही. सांगेन, जे पाप म्हणून ओळखलं ते सोडलं. उरलेलं हातात आहे, सोडते आहे, एकेक बोट उघडून. ज्यांचे हात रिकामे त्यांनाच उतरवायचं असेल, तर पाळकसाहेब, आपण दोघेही काठावर उभे राहू.

आणि मग ते काही म्हणायच्या आत चालायला लागेन. अडवायचं असेल त्यांनी पाण्यात येऊन अडवावं.

बैलगाडी पहाटे येणार आहे. भाकरी आत्ताच करून ठेवते.