अर्ध्या जाळीची काठी

१७ फेब्रुवारी २०१९

ती. वेल्मामावशीस,
डॅरिलचा सा. न. वि. वि.

फोनच करणार होतो. पण तुझं म्हणणं ठाऊक आहे, की फोनवर मी नुसता हो हो करतो आणि कागद निदान मामांना वाचून दाखवता येतो. म्हणून लिहायला बसलो.

बातमी चांगली नाही. काल संघाच्या मालकांनी आम्हा सगळ्या खेळाडूंना बोलावलं. मैदानात दहा हजार खुर्च्या, आणि या हंगामात चार हजारांच्या वर माणूस कधी आलंच नाही. बर्फावरच्या हॉकीला याच खुर्च्या पुरत नाहीत! १३ एप्रिलच्या शनिवारी आमचा इथला शेवटचा सामना आहे. त्याला आठ हजार लोक आले तर संघ राहील, नाहीतर दक्षिणेकडच्या कुठल्याशा वाळवंटातल्या शहरात जाईल.

मी चौतीस वर्षांचा. मला तिकडे कोण नेतंय? पण खेळणं संपेल याचं तेवढं वाटत नाही. आठवडाभर शाळाशाळांतून मुलांना जाळीची काठी धरायला, तिनं चेंडू झेलायला आणि फेकायला शिकवतो, ते सुटेल याचं फार वाटतं. चार वर्षांनी आत्ता कुठे ती पोरं आईबापांना ओढून सामन्याला आणायला लागली आहेत. गोरे इथे यायच्या आधीपासूनचा आपल्या पणजोबांचा खेळ, आणि तो बघायला या म्हणून मी लोकांच्या हातापाया पडतोय.

तेव्हा मावशी, आपल्या गावची, ओश्वेकनची माणसं हवीत. आठ बसगाड्या संघ पाठवील, तू फक्त त्या भर. मामांचा खोकला कसा आहे? आणि त्यांच्या हातची माझी हिकरीच्या लाकडाची काठी कधी होणार? पाच वर्षं ऐकतोय की लाकूड सुकतंय.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा
डॅरिल

---

५ मार्च २०१९

चि. डॅरिल यास,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आलं, दादाला दोनदा वाचून दाखवलं. तुझ्या संघाचं नाव हेरॉन ठेवलं तेव्हाच मी म्हटलं होतं, बगळे एका जागी टिकतात का कधी? असो, रागावू नकोस.

आपल्या माणसांना खेळ बघायला बसवणं सोपं नाही रे. त्यांना खेळायला सांग, ताटावरून उठून येतील. शेजारच्या बर्निसचा नवरा म्हणाला की तिथे चेंडूपेक्षा भोंगेच जास्त वाजतात, आणि नाचणाऱ्या बगळ्याच्या सोंगापायी समोरचं काही दिसत नाही. मी त्याला चांगलं सुनावलं आणि त्याच्या घरची पाच नावं लिहून घेतली.

पण खरं काम तुझा मामा करतोय. रोज सकाळी वही घेऊन निघतो. कुणाच्या घरी बसतो, कुणाकडे मक्याचं सूप पितो आणि नावं घेऊनच उठतो. कालपर्यंत चार गाड्या भरल्या. मी म्हटलं, अरे, अंगात ताकद नाही, पोरांना पाठव. तर म्हणाला, पोरांना लोक नाही म्हणतील, मला कोण म्हणेल? स्वतः पहिल्या रांगेत बसणार आहे म्हणे, कानांत कापूस घालून.

जेवण कमी झालंय त्याचं. वयाचं असेल. काठी वाकवून झाली, आता सुकायला टांगली आहे.

वेळेवर जेवत जा.
मावशी

---

२४ मार्च २०१९

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

जीव टांगणीला लागलाय. शाळांना फुकट तिकिटं वाटली, किराणा दुकानांपुढे उभं राहून वाटली. तरी सहा हजारांच्या पुढे आकडा हलत नाही. तुमच्या आठ गाड्या आल्या तर थोडी आशा आहे.

आणि आज बर्निसच्या मुलाचा फोन आला, की त्याच शनिवारी आपल्या प्रार्थनेच्या लाँगहाउसपाशी औषधाचा खेळ ठेवलाय, म्हणून तो येणार नाही. त्याचे मित्रही नाहीत. मावशी, नेमका तोच दिवस? कुणी आजारी असेल तर तो बरा व्हावा म्हणून हाच खेळ त्याच्यासाठी खेळायला हवा, ते मला तू शिकवायला नको. पण शनिवारऐवजी रविवारी खेळलं तर नाही का चालणार? कुणासाठी आहे? मला नाव सांग, मी स्वतः फोन करून विनवतो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

वाईट वाटून घेऊ नकोस. माझी परिस्थिती समजून घे.

तुझा
डॅरिल

---

२ एप्रिल २०१९

चि. डॅरिल यास,
अनेक आशीर्वाद.

दिवस बदलता येत नाही. तो ठरला तसा ठरला. कुणासाठी ते विचारू नकोस, ज्याच्यासाठी आहे त्यानंच सांगू नका म्हटलंय.

पण तू काळजी करू नकोस. तुझं म्हणणं त्याच्या कानावर गेलं. त्यानं निरोप पाठवलाय की तरुण पोरांनी सगळ्यांनी गाडीत बसावं, आपल्याला चार म्हातारे पुरेत. औषधाच्या खेळात माणसं मोजत नाहीत, असंही म्हणाला. तेव्हा आठच्या आठ गाड्या येतील, ढोलही येईल.

दादा मात्र येणार नाही. खोकला जरा जास्त आहे आणि गाडीत तीन तास बसवत नाही. त्याची खुर्ची कुणालातरी दे, रिकामी ठेवू नकोस.

मन लावून खेळ.
मावशी

---

१४ एप्रिल २०१९

ती. मावशीस आणि ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आठ हजार एकशे बारा! फळ्यावर आकडा लागला तेव्हा आम्ही खेळ थांबवून बघत उभे राहिलो. मालकांनी सामन्यानंतर सगळ्यांसमोर सांगितलं, संघ कुठे जात नाही. मी लहान मुलासारखा रडलो, आणि बर्निसच्या मुलानं त्याचा फोटो काढला, तो गावभर फिरला असेलच.

ओश्वेकनचा ढोल सुरू झाला आणि भोंगेवाला आपण होऊन गप्प बसला. मामा, तुम्ही हवे होतात. कापूस लागला नसता.

ज्या कुणासाठी तिथे खेळ झाला, त्याला माझा नमस्कार सांगा. त्याचे उपकार मी विसरणार नाही. बरा झाला की मी स्वतः भेटायला येईन.

मामा, आता काठी हवी.

तुमचा
डॅरिल

---

२८ एप्रिल २०१९

चि. डॅरिल यास,
मावशीचे आशीर्वाद.

दहाव्या दिवसाचं जेवण परवा झालं. दादाच्या वस्तू वाटल्या. तुझी वाट पाहिली. मातीला आलास तेव्हा माझ्याकडे मान वर करून बघितलं नाहीस, न जेवता निघून गेलास. तुझा राग मला कळतो. म्हणून जे तू विचारलं नाहीस ते सांगते.

मार्चमध्येच डॉक्टरांनी हात टेकले होते. दादानं माझ्याकडून वचन घेतलं, की सामना होईपर्यंत डॅरिलला कळू द्यायचं नाही. कळलं तर तो सगळं टाकून इथे येईल म्हणाला. तुझं २४ मार्चचं पत्र मी नेहमीसारखं त्याला वाचून दाखवलं. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की तू त्याच्याचसाठी ठेवलेल्या खेळाचा दिवस बदलायला सांगतोयस, पण थांबले नाही. तिथे चुकले रे. ते पान गिळून टाकायला हवं होतं मी. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, पोरगं अडचणीत आहे, आणि वही मागितली. त्याच संध्याकाळी बर्निसच्या मुलाला बोलावून सामन्याच्या गाडीत बसायचं कबूल करायला लावलं.

शनिवारी नऊ जण खेळले. त्यातला सगळ्यांत लहान एकसष्ट वर्षांचा. दादा गोधडी पांघरून कडेला बसला होता. धापा टाकत, पडत, उठत ते म्हातारे खेळले, आणि तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली. खेळ संपल्यावर चेंडू त्याच्या हातात दिला. नंतर रेडिओवर तुझा सामना लावला. आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला, चुकलं त्यांचं, आठ हजार एकशे तेरा. मंगळवारी पहाटे तुझं पत्र यायच्या आत गेला.

तरुण पोरं त्या खेळात असती तर तो वाचला असता का? मी हा प्रश्न रोज स्वतःला विचारते आणि रोज रडते. तू विचारू नकोस. त्यानं दिलं ते खुशीनं दिलं, त्याचा हिशेब आपण करायचा नाही.

त्याची काठी आणि तो चेंडू त्याच्याबरोबर दिला, तू पाहिलंसच. तुझी काठी शेडमध्ये खुंटीला आहे. जाळी अर्धीच विणून झाली आहे. वही घेऊन हिंडला नसता तर पुरी झाली असती. आम्हा बायकांनी त्या काठीला हात लावायचा नसतो, म्हणून मला ती उतरवता येत नाही, बांधता येत नाही, पोस्टानंही पाठवता येत नाही. खालची कातड्याची वादी वाऱ्यानं हलते, ती मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असते.

तुलाच यावं लागेल. जेवायच्या वेळेला ये.

मावशी