चौथा रकाना

सौंसर,
रविवार, संध्याकाळ

प्रिय नेहा,

हे फोनवर सांगितलं असतं तर तू तिसऱ्या वाक्याला हसली असतीस, पाचव्याला रडली असतीस आणि मूळ मुद्दा राहून गेला असता. म्हणून लिहिते आहे. आधी आकडे, कारण तू तेच आधी विचारतेस. वजन सहासष्ट. सकाळची नाडी एकोणपन्नास. शर्यतीला आज अठ्ठावीस दिवस. एक हजार नऊशे मीटर पोहणं, नव्वद किलोमीटर सायकल, एकवीस किलोमीटर पळणं, सगळं एकामागोमाग आणि साडेआठ तासांच्या आत. गेल्या आठवड्यात तिन्ही वेगवेगळ्या दिवशी पूर्ण झाली. बेरीज सात तास पन्नास मिनिटं. एकाच दिवशी जोडून केल्यावर ती किती वाढेल हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नसल्याची भीती आता पूर्वीइतकी वाटत नाही.

पोहायला बोरगावला जाते. मी नोकरी करते त्या कारखान्यापासून जवळच मनोहरकाकांची संत्र्याची बाग आहे, तिथलं शेततळं तीस मीटर लांब आहे. चौसष्ट वेळा आरपार गेलं की झालं. तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद लावलाय, त्यामुळे काठ असा निसरडा की उतरलेला माणूस नुसत्या हातांनी वर येऊ शकत नाही. म्हणून काठावरच्या झाडाला दोर बांधलाय आणि मी पाण्यात असेपर्यंत काकांच्या पत्नी इंदूकाकू त्या दोराजवळ बसून राहतात. त्यांना स्वतःला पोहता येत नाही. परवा म्हणाल्या, "एवढी पोहतं पोरी, अन् निघतं तं जिथून उतरली तिथंच."

सायकल रविवारी. सौंसरहून पांढुर्ण्यापर्यंत आणि परत, वर बोरगावचा एक फेरा, की नव्वद भरतात. पांढुर्ण्याच्या ज्या वळणावरून मी मागे फिरायचे तिथून आमचं घर दोन किलोमीटरवर आहे. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला ओढणी, कुणी ओळखायचा प्रश्न नव्हता. खोलीवर परत येऊन आंघोळ करायची आणि दुपारच्या बसने पुन्हा तेवढंच अंतर जाऊन घरी पोचायचं. आईला वाटायचं मी सुट्टीच्या दिवशी उशिरा उठते.

तू कितीदा म्हणालीस, घरी सांगून टाक. मी का सांगत नव्हते त्यातलं अर्धंच तुला माहीत आहे. पाच वर्षांपूर्वी मला पाहायला आले होते, तेव्हा मी एकशे बारा किलो होते. मुलाच्या मामींनी बाबांना ओसरीवर बाजूला घेऊन माझं वजन विचारलं. मी चिवड्याच्या बशा घेऊन दाराआड उभी होते. बाबा छत्तीस वर्षं तहसील कार्यालयात बाबू होते, कागदावर खोटी तारीख त्यांनी कधी टाकली नाही. ते म्हणाले, "असंन ऐंशीक." नकार पुढे यायचा तो आला, त्याचं काही नाही. पण बत्तीस किलो लपवावेसे वाटण्याइतकी बाबांना माझी लाज वाटते, असं मी त्या दाराआड ठरवलं. त्या दिवसापासून घरात माझ्या शरीराबद्दल एक शब्द बोलले नाही. वजन होतं तेव्हाही नाही, आणि उतरायला लागलं तेव्हाही नाही. गल्लीतल्या शकुंतलामावशींनी आईसमोर विचारलं, "शुगर निघाली का वं पोरीले?" तेव्हा मी नाही म्हटलं आणि आत निघून गेले. इथवर चूक माझी, हे मी मान्य करते.

पुढची चूक माझ्या वहीची. साडेतीन वर्षं दर रविवारी मी त्यात एक ओळ लिहिते. तारीख, वजन, सकाळची नाडी. शर्यतीसाठी नाव नोंदवल्यापासून चौथा रकाना सुरू केला, त्यात उरलेले दिवस. एकाही रकान्याला शीर्षक नाही, एकक नाही. कारखान्यात तपासणीसाठी कुणी असा तक्ता आणला तर मी न वाचता परत पाठवते. ही वही एका रविवारी मी पांढुर्ण्याला विसरून आले आणि पुढच्या रविवारी तिथेच कपाटावर सापडली, म्हणून निश्चिंत राहिले.

आता कालच्या आधीचा शनिवार घे. म्हणजे आठ दिवसांपूर्वीचा. पहाटे मी सौंसरहून जामसांवलीच्या हनुमान मंदिरापर्यंत पळत गेले. शनिवार म्हणून मंदिरात गर्दी होती. बाटली भरायला नळाकडे वळले तर आजारी माणसांना घेऊन आलेले लोक बसतात त्या बाजूला, खांबाला टेकून, बाबा बसले होते. एकटेच. शेजारी तीर्थाची बाटली. त्यांनी मला आधी पाहिलं. घामाने भिजलेली, तोंड लाल, श्वास लागलेला. ते उठले, माझा दंड धरून मला स्वतःच्या जागेवर बसवलं आणि म्हणाले, "आपल्या पायानं आली? बरं केलं. अथी आलेला माणूस बरा होऊन जाते."

मला काही कळेना. त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेले कागद काढले. माझ्या वहीची झेरॉक्स, सगळी पानं. प्रत्येक पानावर पट्टीने रेघ मारून त्यांनी शीर्षकं लिहिली होती. तारीख. वजन. नाडी. आणि शेवटच्या पानावर चौथं: उरलेले दिवस. वही घरी होती तेव्हाची माझी शेवटची नोंद चौऱ्याऐंशीची. त्याखाली त्यांनी पेन्सिलीने स्वतः पुढे लिहीत नेलं होतं. सत्त्याहत्तर, सत्तर, त्रेसष्ट, असं बेचाळीसपर्यंत. म्हणाले, "मले सगळं माहीत आहे, बाई. तू नको सांगू. कंपाऊंडरले दाखवलं, तो म्हणे एवढी नाडी उतरली म्हणजे नागपूरले न्या. पण तू कोणाले सांगून नाही राहिली, मंग मी कसा नेऊ?" तो त्यांचा सातवा शनिवार होता. दर शनिवारी पहिल्या बसने यायचे. आईला माहीत होतं, आणि रविवारी माझ्या वरणात ती ते तीर्थ घालत होती. नंतर मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "सांगितलं असतं तं पेली असती का तू?"

मी त्यांच्याकडे पेन मागितलं. चौथ्या शीर्षकाच्या आधी लिहिलं, 'शर्यतीला'. कसली शर्यत तेही सांगितलं, पोहण्यापासून क्रमाने. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली, पूर्वी कार्यालयातला कागद वाचायचे तशी. मग विचारलं, "म्हणजे तू मरून नाही राहिली?"

मी नाही म्हटलं. आणि नाडी? ती चांगली आहे म्हटलं, हृदय मजबूत झालं की कमी ठोक्यांत काम भागतं, डॉक्टरनेही तपासलंय. त्यांनी चौथ्या रकान्यावरून बोट फिरवलं. मग एकदम चिडले. "रकान्याले नाव नाही द्यायचं म्हणजे काय? आमच्या हापिसात असा कागद कोणीच घेतला नसता." मी म्हटलं, आमच्याकडेही घेत नाहीत. शेजारी बसलेल्या बाईंनी आम्हाला आवाज हळू करायला सांगितला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "यानं सरकारी नोकरी लागते का?" नाही म्हटलं. "मंग काहून?" मी म्हटलं, पांढुर्ण्याच्या स्टेशनवर पुलाचा जिना चढताना मला दोनदा थांबावं लागायचं, आता हे शरीर कुठपर्यंत जातं ते एकदा पाहायचंय. त्यांना हे पटलं की नाही माहीत नाही, पण त्यांनी मान हलवली.

कागद घडी करताना, इतके दिवस फक्त शेवटच्या आकड्यांकडे लागलेली त्यांची नजर पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवर थांबली. "एकशे बारा होती तू?" मी हो म्हटलं. ते माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "मले तं ऐंशीच वाटे."

नेहा, मी त्यांना ओसरीबद्दल काही विचारलं नाही. गरज उरली नाही. त्यांच्या अंदाजात बत्तीस किलोची चूक होती, आणि माझ्याही अंदाजात काहीशी तेवढीच. परतताना ते बसने पांढुर्ण्याला गेले आणि मी पळत खोलीवर आले. शेवटचे दोन किलोमीटर मी ठरवल्यापेक्षा खूप हळू पळले, कारण मला समोरचं नीट दिसत नव्हतं. आज सकाळी सायकलवर त्या वळणावरून मागे न फिरता सरळ घरी गेले. आईने सायकल अंगणात घ्यायला लावली, चाकांवर पाणी घातलं आणि पहिलं वाक्य म्हणाली ते हे, "एवढ्या बारक्या सीटवर बसतं कशी?"

आता पत्राचं कारण. काल आयोजकांचा शेवटचा फॉर्म आला. त्यात संकटकाळी कुणाला कळवायचं, त्याचं नाव आणि नंबर लागतो. मागच्या दोन्ही छोट्या शर्यतींना मी तुझा लिहिला होता, आणि नात्यापुढे 'बहीण' असं खोटं लिहिलं होतं. दोन्ही दिवस तू फोन हातातून खाली ठेवला नाहीस, हे मी विसरणार नाही. यावेळी मी बाबांचा नंबर दिला आहे. अडचण एकच, फसवणुकीच्या बातम्या वाचून ते अनोळखी नंबर उचलतच नाहीत. म्हणून आज घरी त्यांना नीट समजावलं आणि दुपारी इथे परतल्यापासून सराव चालू आहे. घरमालकांच्या फोनवरून, मग इंदूकाकूंच्या, मग कारखान्याच्या गेटवरून. पहिल्या वेळी उचलला नाही. आता पहिल्या घंटेला उचलतात, आणि कोण, काय, काहीही न विचारता म्हणतात, "हो, वृषालीचा बाप बोलून राहिलो. कुठं येऊ?" तुझा नवा नंबर त्यांच्याकडे नाही. या आठवड्यात केव्हाही, मला वेळ न सांगता, त्यांना एकदा फोन कर. आगाऊ न कळवता केलेली तपासणीच खरी. फक्त मी ठीक आहे, हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांग.

फॉर्मवरून खोडलेली, बाकी सगळीकडे तुझीच,
वृषाली