मी शिकवलेलं ‘नू’

१२ डिसेंबर, जुईनगर

दोन महिने वहीला हात लावला नाही, चूक माझीच. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या रशियनच्या क्लासमधला वेल्डर संदीप तिकडे रशियातल्या कारखान्यात मार खाऊन पडलाय. जबडा तारेने बांधलाय. त्याची बायको वैशाली संध्याकाळी दिघ्याहून आली, त्याचा मेसेज दाखवला. जोड बिघडला म्हणून फोरमनने जाब विचारला. हा सुरू झाला, "नू, कारोचे..." म्हणजे आपलं ‘अरे, थोडक्यात काय तर’. फोरमनला वाटलं, हा आपल्याला उडवून लावतोय. त्याने लोखंडी पाइप तोंडावर हाणला. पडल्यावरही हाणत राहिला.

ते शब्द मीच घोटून घेतले. "पुस्तकी बोलू नकोस, तिथलाच वाटला पाहिजेस!" विसरला की टेबलावर पट्टी आपटायचो. साहेबासमोर ते बोलू नयेत, हे सांगितलं का? एकदाही नाही.

"सर, घरात तर हे तोंड उघडत नाहीत. तिकडं काय बोलले एवढं?"

"काही नाही. तो फोरमनच जनावर आहे."

तिला पटलं. जाताना माझ्या पाया पडली. आणि मी पडू दिलं! तारेने बांधलेला तो जबडा डोळ्यांसमोरून हलत नाही.

उद्या: दिघ्याला जाऊन वैशालीला खरं सांगणे.