माझी बाजू, तुझ्या तोंडून

माझ्या अजून तरी असलेल्या नवऱ्यास,

घटस्फोटासाठी मध्यस्थ मीच शोधली. आधी दोघांनी समोरच्याची बाजू मांडायची, मग आपापली, हा तिचा नियम मला पोरकट वाटला होता. पण तू माझी बाजू घडाघडा सांगितलीस. पाहुण्यांसमोर तू थट्टा केलीस की मी हसत स्वयंपाकघरात जायचे आणि नळ मोठा सोडून रडायचे, हेसुद्धा. हे मी तुला कधी बोललेच नव्हते.

याला कळतच नाही, असं समजून मी सगळं पोटात घालत आले. तुला तर कळत होतं. मग आता चिडू की काय करू?

माझी पाळी आली आणि तुझ्या बाजूचं एकही वाक्य सुचेना. मध्यस्थबाईने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि उरलेलं पुढच्या बैठकीवर ठेवलं.

बैठकीबाहेर एकमेकांशी बोलायला तिची मनाई आहे, म्हणून हे पाठवत नाही. नाहीतर विचारलं असतं, तुझी बाजू काय आहे रे?

तुझीच, बहुतेक