पयले खून, मंग पाना

बाबा, ती हिरवी गाडी परत आली आहे. तीच, दोन सीटची, कापडी टपाची, जमिनीला इतकी टेकलेली की तिच्याखाली शिरताना तुम्ही म्हणायचात, "हिच्या खाली तं कोंबडी बी अंडं नाई देनार." अठरा वर्षांपूर्वी भद्रावतीच्या आपल्या शेडमध्ये ती जिथे उभी होती तिथेच आता उभी आहे, फक्त तिच्याखाली तुमच्याऐवजी मी असते. तिचे मालक, खाणीतले इंजिनिअर काका, आता फार थकले आहेत. महिनाअखेर ते आणि काकू मुलाकडे पुण्याला कायमचे जाणार, आणि गाडी कुणाला तरी देऊन टाकणार. दोन वर्षांपूर्वी वरोऱ्याच्या रस्त्यावर तिचा शाफ्ट तुटून खाली पडला, तेव्हापासून ती त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली होती. काकूंनी ती ट्रकवर चढवून पाठवली आणि फोनवर म्हणाल्या, "एकदा त्यांना हिच्यात बसवून फिरवून आण बेटा. मग जाऊ दे कुणाकडे जायची ते." मी हो म्हणाले. माझ्या मनात मात्र आणखी एक काम होतं. काका जाण्याआधी त्यांना सांगायचं होतं की ही गाडी तुमच्या हातानं बिघडली नव्हती. खरं तर हे मी आधी तुम्हाला सांगायला हवं होतं.

तुम्ही मला शाळेच्या आधी शिकवलंत. मोजणी पान्यांवर झाली, दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. एका पान्याला दोन तोंडं, म्हणून कित्येक दिवस मला वाटायचं की आकडे जोडीनंच राहतात. आणि सगळ्यांत पहिला धडा होता, "पयले खून, मंग पाना." कुठलाही भाग खोलायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर मिळून एक खूण करायची, म्हणजे परत बसवताना तो होता तसाच बसतो. आपल्याकडे ण कुणाच्या जिभेवर येत नाही. शाळेत मी वहीत 'खून' लिहिलं तेव्हा बाईंनी लाल रेघ मारून विचारलं, कुणाचा खून? मी रडत घरी आले, आणि तुम्ही ती गोष्ट चहाच्या टपरीवर जाऊन सांगितलीत. मग जीपवाले गाडी लावता लावताच विचारायचे, "काहो भाऊ, आज किती खून केले?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "केले नाई, केल्या." हा विनोद तुमच्यासाठी कधी जुना झाला नाही. छिन्नीचे दोन बारीक घाव, शेजारी शेजारी, ही तुमची खूण होती. या भागातल्या कितीतरी गाड्यांच्या पोटात ती अजून असेल.

त्या दिवशी मात्र तुम्ही छिन्नी घेतली नाहीत. गडचिरोलीकडच्या एका जुन्या जमीनदाराच्या गोठ्यात, धानाच्या तणसाखाली, काकांना ती गाडी सापडली होती. असली दुसरी गाडी आपल्या दोन जिल्ह्यांत नव्हती. त्यांनी बजावलं होतं, "भाऊ, हिच्या अंगावर ओरखडा नको." तुम्ही ते वाक्य गाडीच्या पोटापर्यंत पाळलंत. शाफ्ट म्हणजे इंजिनाचं फिरणं मागच्या चाकांपर्यंत नेणारी लांब नळी. तिच्या मधल्या जोडाला दाते असतात, एक तुकडा दुसऱ्यात सरकून बसतो, आणि तो ठरलेल्या दात्यावरच बसला पाहिजे, तरच शाफ्टची दोन्ही टोकं एका रेषेत येतात. एक दाता चुकला तरी शाफ्ट फिरताना अंग झटकतो. तुम्ही माझ्या दप्तरातला खडू मागून घेतलात, त्या जोडावर एक पांढरी रेघ ओढलीत, आणि दोन्ही तुकडे वेगळे करून माझ्यासमोर ठेवलेत. "साफ कर. काया डाग नाई रायला पायजे." आईनं आतून हाक मारली. लाखोळीच्या डाळीचे वडे तळले होते. तुम्ही हात धुवून जेवायला गेलात.

मी बारा वर्षांची आहे. रॉकेलचं घमेलं पुढ्यात घेऊन बसले आहे. दात्यादात्यातून काळं वंगण निघतं आहे, लोखंड उजळत चाललं आहे, आणि मला त्याचा इतका आनंद होतो आहे की मी नको तिथेही घासते आहे. घासून झाल्यावर पाहते तर रेघ नाही. दोन्ही तुकड्यांवर खडू नावालाही नाही. मी तुकडे उचलून एकमेकांत सरकवून पाहते. सगळ्या दात्यांवर ते सारखेच छान बसतात. आतून तुमचा आणि आईचा बोलण्याचा आवाज येतो आहे, पाच पावलांवर तुम्ही आहात. मी खडू उचलते आणि आठवून आठवून रेघ पुन्हा ओढते, तुमच्यासारखीच, जराशी तिरपी. तुम्ही मिशी पुसत बाहेर येता, तुकडे उन्हात धरता. "वा वं पोरी. चकाचक केलं तू तं." मग तुम्ही गाडीखाली शिरता. तिथे इतकी कमी जागा आहे की शाफ्टची दोन्ही टोकं एकदम दिसत नाहीत. तुम्ही रेघ पाहता आणि बसवता.

गाडी साठच्या वर गेली की थरथरायची. तुम्ही तिची चाकं बदलून पाहिलीत, इंजिनाखालची रबरं बदललीत, गिअरबॉक्स उतरवलात. त्यासाठी शाफ्ट पुन्हा काढावा लागला, तेव्हा तुम्ही छिन्नी आणि हातोडी मागितलीत आणि म्हणालात, "खडूचा काय भरवसा वं, पुसून जाते." मी हातोडी दिली. माझ्या खडूच्या रेघेवर तुम्ही तुमचे दोन घाव घातलेत. नियमच तसा होता, जसं आहे तशी खूण करायची, मग खोलायचं. माझी चूक तुमच्या हातानं लोखंडात गेली, आणि त्यानंतर तुम्ही कितीही वेळा खोललंत तरी ती बरोबर जागच्या जागी परत बसत राहिली. शाफ्टवर तुम्ही शेवटपर्यंत संशय घेतला नाहीत. तिथली खूण घरातली होती.

मग एक दिवस टपरीवर चार लोकांसमोर काका म्हणाले, "भाऊ, राग मानू नका, पण तुमचा हात आता पूर्वीचा राहिला नाही." ते वाईट माणूस नव्हते. चहाही त्यांनीच पाजला. तुम्ही घरी आलात, स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसलात आणि दोन्ही हात पुढे धरून बघत राहिलात. आईनं विचारलं, "काय पाहून राह्यले?" तुम्ही म्हणालात, "कापते का पाहून राह्यलो." मी चुलीशी लसूण सोलत होते. हात कापत नव्हते, मला तिथून दिसत होतं. त्यानंतर तुम्ही इंजिनाची कामं घेणं कमी केलंत, मग सोडलंच. पंक्चर, ऑइल, ब्रेक, एवढंच. "बारीक काम आता दुसऱ्यानं करावं," म्हणायचात. दोन वर्षांनी कावीळ झाली. मला वाटत होतं, तुम्ही बरे झालात की सांगेन.

आता मी खूण दोनदा करते, खोलण्याआधी एकदा आणि साफ करण्याआधी पुन्हा. लोक हसतात. परवा एक जीपवाला म्हणाला, "बाई, मले बी एक खून करून द्या. संध्याकाळी घरी जाऊन उलटा बसलो तं बायको वयखनार नाई." मी हसले. त्याला काय माहीत.

तुटलेला शाफ्ट घेऊन मी चंद्रपूरला लेथवाल्या भाऊंकडे गेले. तेच, तुमचे जुने दोस्त. आता चष्मा लावतात, पण नजर तशीच आहे. त्यांनी जोड पुसला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हे दोन घाव तं तुमच्या बाबाचे." मग त्यांनी शाफ्ट डोळ्यापाशी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, आणि हळू खाली ठेवला. "खून जुळते बाई. पन खूनच चुकली. एक दाता सरकला हाय. इतके वर्स झटके खाऊन राह्यला, म्हून तुटला." मग मला बरं वाटावं म्हणून बहुतेक, म्हणाले, "मानूस हाय. भाऊचा बी चुकला हात एखाद्या वेळी." आणि मी म्हणाले, "हो." लेथ चालू होता. नीट ऐकू आलं नाही असं मी स्वतःला सांगू शकले असते, पण ऐकू आलं होतं.

या गाडीचा शाफ्ट कुठेच मिळत नाही. अशा गाड्या बाळगणाऱ्या परदेशातल्या लोकांना मी पत्रं लिहिली. एकानं उत्तर दिलं, त्यात नुसती मापं होती. शेवटी जुन्या जीपचा पाइप घेतला, त्याला या गाडीची मूळ टोकं जोडायची ठरवली. लांबी मी सात वेळा मोजली. लेथवाले भाऊ म्हणाले, "बाई, पाइप हाय तो, जावई नाई. किती दा पाहान?" दोन्ही टोकं एका रेषेत आहेत हे मी त्यांच्याकडून वदवून घेतलं, मग स्वतः पाहिलं, मग नागपूरला तोल साधायला नेला तेव्हा तिथल्या माणसालाही विचारलं. त्याला वाटलं असेल, हिला काही येत नाही. बसवण्याआधी तुमची छिन्नी घेतली. दोन घाव घालण्याचा माझा हक्क आहे असं वाटेना. एकच घातला. इंची मापाचे नट आता फक्त याच गाडीला, म्हणून तुमच्या इंची पान्यांचा डबा काढला, गाडीखाली शिरले आणि शाफ्ट बसवला.

काल सकाळी काकांना घेऊन निघाले. काकूंनी त्यांना लोकरी टोपी घातली होती, ऊन असूनही. ताडोबाच्या दिशेनं रस्ता मोकळा होता, पळस पेटला होता, मोहाखाली टोपल्या घेऊन बायका फुलं वेचत होत्या आणि गाडी पाहून उठून उभ्या राहत होत्या. पन्नास. साठ. मी पाय तसाच दाबून ठेवला. सत्तर. गाडी नुसती पुढे जात होती, बाबा. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तरी काही नाही. काका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर पाहत होते.

एका मोहाच्या सावलीत गाडी थांबवली आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. "काका, तुम्ही बाबांना म्हणाला होतात, त्यांचा हात पूर्वीचा राहिला नाही. त्यांचा हात नव्हता तो. खूण मी पुसली आणि मीच चुकीची केली. ते तेव्हा घरात जेवायला गेले होते. गाडी थरथरायची ती माझ्यामुळे." ते फार लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, पोचलं.

"थरथरायची?" ते म्हणाले. "कोण, ही? नाही नाही. ही पहिल्यापासून अशीच गुळगुळीत. भाऊंनी केलेलं काम आहे."

मी म्हणाले, "काका, तुम्ही टपरीवर म्हणाला होतात."

"भाऊ कुठे आहेत?"

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "जेवायला गेले असतील. आले की त्यांना सांग हे सगळं. बरं वाटेल त्यांना."

परत येऊन काकूंकडे त्यांना सोडलं आणि तशीच चंद्रपूरला गेले. निदान एका माणसाला तरी खरं कळावं. लेथवाल्या भाऊंनी मशीन बंद करून सगळं ऐकलं. मग चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, "बापाच्या नावासाठी अंगावर घेऊन राह्यल्या तुमी. बारा वर्साची पोट्टी काय खून करन शाफ्टवर? घाव तं भाऊचे हाय ना." मी खडूचं सांगितलं, रॉकेलचं सांगितलं. ते मान हलवत राहिले. "अशी पोरगी भेटाले नशीब लागते," म्हणाले आणि चहा मागवला. तुम्हाला सोडवायला गेले होते, चांगली मुलगी ठरून परत आले.

म्हणून हे लिहिते आहे. काकांनी सांगितलं तसं, तुम्ही आलात की सांगायचं म्हणून. इंची पान्यांच्या डब्यात ठेवेन. हिरवी गाडी गेली की तो डबा उघडायचं कुणाला कारण नाही.

एक राहिलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी घाबरले होते. पण तुम्ही मला कधी मारलं नाहीत, वस्तू तुटली तरी आवाज चढवला नाहीत. घाबरण्यासारखं घरात कुणी नव्हतं. तुम्ही मिशी पुसत बाहेर आलात तेव्हा मी सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण तुम्ही आधी चकाचक म्हणालात, आणि तो शब्द मला परत द्यायचा नव्हता.