पडीक कुणगा

आबा, नदीकडचा भाताचा कुणगा मी चुलतवहिनीला करायला दिला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही तोंड फिरवून ऐकलंत तरी चालेल. शेवटच्या आजारात तुम्ही खाटेवरून मला बजावलं होतंत, "पडीक रवलो तरी चलात, पण दुसऱ्याच्या हातात देव नको. कूळ लागात." दुसऱ्याने एकदा नांगर घातला की उद्या तो कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगणार, ही धास्ती आपल्याकडे घरोघरी. तिच्यापायी चांगल्या भातजमिनी गवत पोसत पडल्या आहेत. आपल्या कुणग्यात तर आता गवतात माणूस उभा राहिला तरी दिसत नाही. वहिनी दरवर्षी विचारायची. हे होते तोवर गोड बोलून टाळत. हे गेल्यापासून तिचा फोन मलाच घ्यावा लागतो. यंदा ती सरळ म्हणाली, "नाय म्हणालंस तरी राग नाय. पण माका टांगून ठेव नको, भाताचो तरवो पेरूक व्हयो."

मी इथे कुवेतला, अब्बासियात, मुलीकडे असते. ती जाब्रियाच्या हॉस्पिटलात नर्स आहे. काल शुक्रवारची सुट्टी असूनही तिला ड्युटी होती, म्हणून मी समोरच्या तमिळ बाईंकडे जाऊन बसले. त्या तंजावरकडच्या, शेतकऱ्याच्याच घरातल्या. सुट्टीला जुने सिनेमे लावतात आणि मला हिंदीतून सांगत राहतात. कालचा काळापांढरा होता, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. मुलगा शहरात गेलेला, म्हाताऱ्याच्याने नांगर धरवत नाही, आणि शेजाऱ्याला शेत द्यायला तो तयार नाही. "अभी देखो अक्का, अभी ये रुलाएगा," म्हणत बाईंनी टिश्यूचा डबा आधीच मांडीवर घेतला. पडद्यावर भर दुपार आहे. म्हातारा बांधावर उभा आहे, एका बाजूला त्याचं भेगाळलेलं रान, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचं हिरवंगार भात. तो हळूच शेजाऱ्याच्या भातात उतरतो आणि वाकून गवत उपटायला लागतो.

"ये उसका खेत नहीं है, पडोसी का है," बाई म्हणाल्या.

"मालूम है."

"कैसे मालूम? आपको तो तमिळ आती नहीं."

आबा, मी हे आधी पाहिलं होतं. तुमचे हात थकले त्या वर्षी मी माहेरी आले होते. आपण दोघं बांधावरून येत होतो. तुम्ही काठी माझ्या हातात दिलीत आणि दुसऱ्यांच्या कुणग्यात उतरून बेणणी करायला लागलात. मागून आई ओरडली, "त्येंचा गवात तुम्ही कित्याक काढतास?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हात रवना नाय." इतकी वर्षं मला तुमचा खाटेवरचा शब्दच तेवढा आठवत होता. चौथीनंतर शाळा सुटली तरी मिळेल ते वाचत आले, पण ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकाने दाखवली नाही. जमीन ओस पडलेली तुम्हालाही बघवत नव्हती.

घरी येऊन लगेच फोन लावला. कुणगा कर, म्हणून सांगितलं. वहिनी म्हणाली, "नांगरणीक टिलर सांगान ठेवतंय. पण तुझे आबा सर्गातसून माका शिवी घालतले."

"घालांदेत," मी म्हटलं. "माका सवय आसा."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. फोन ठेवला आणि कितीतरी वर्षांनी मी दुपारची गाढ झोपले.

संध्याकाळी मुलगी आली, तिला सांगितलं. "गुड. आजोबा वुड हॅव सेड येस, ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, म्हणून खरं लिहिते. तुम्ही नाहीच म्हणाला असता, कूळ लागेल म्हणाला असता, आणि मी गप्प बसले असते. तुम्हाला विचारायची सोय नाही, याचं काल मला पहिल्यांदाच बरं वाटलं.